तुमच्या ओवीत समुद्र नाहीच

प्रश्न : मी कर्वेनगरला राहते, बँकेत नोकरी करते. माझी आजी, म्हणजे आईची आई, गेल्या वर्षी गेली. तिचं माहेर टेमघरच्या बाजूला, पार डोंगरात. सासर खाली, खडकवासल्याच्या अलीकडे मुठेच्या काठी. आजी जात्यावर ओव्या म्हणायची. मला त्यातली एकच धड आठवते :

नदी गं माझ्या बाई, किती धावशी सासरी
मागं गं ऱ्हायलं, तुझं माहेर डोंगरी

मी फार देवधर्म करणारी नाही. पण ही ओवी गुणगुणली की आत काहीतरी हलायचं, शांत वाटायचं. आमच्या सोसायटीतल्या सत्संगात एकदा म्हटली. तिथे निरूपण करणाऱ्या काकांनी अर्थ उलगडला : नदी म्हणजे जीव, सासर म्हणजे समुद्र, अर्थात परब्रह्म, आणि डोंगरातलं माहेर म्हणजे माया, जी मागे टाकायची असते. सगळे भारावले, मीही. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कसलं ब्रह्म नि कसलं काय! आईला वर्षवर्ष माहेरी धाडायचे नाहीत, म्हणून रडायची ती दळताना." तेव्हापासून ओवी म्हणायला गेले की काहीच होत नाही. मध्येच काका आठवतात, नाहीतर आईचा चेहरा. खरा अर्थ कोणता? मी उगाच अध्यात्म शोधत बसलेय का? पुढच्या महिन्यात आजीचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी ओवी छापून, खाली काकांनी सांगितलेला अर्थ देऊन वाटावी असं मनात होतं. भाऊ म्हणतो, छापायचीच तर शुद्ध मराठीत छाप. आईला परवा आणखी एक ओवी आठवली, ती याच्या आधीची म्हणे :

पाऊस गं पडतो, वढं भरलं चहूकडं
मुराळी बंधू माझा, हुबा वढ्याच्या पलीकडं

— एक नात, कर्वेनगर

उत्तर : ताई, आधी आईला सांगून टाका की तिचं बरोबर आहे. वर्षवर्ष माहेरी धाडायचे नाहीत, हे तिचं वाक्य म्हणजे त्या ओवीवरचं पहिलं निरूपण, आणि ते करणारी बाई तेव्हा जात्याशेजारी गोधडीत झोपलेली पोर होती. काकांनी ओवी ऐकली ती तुमच्या तोंडून, सोसायटीच्या हॉलमध्ये, पंख्याखाली. दोघांच्या साक्षीचं वजन सारखं धरून चालणार नाही.

पण आई बरोबर म्हणून तुम्हाला आत जे वाटायचं ते खोटं, असा हिशेब मांडू नका. तिनं ओवी कुठून आली ते सांगितलं. ती कुठवर जाते, यावर ती काही बोललीच नाही. तेव्हा निकाल लावायच्या आधी ओवीच जरा नीट वाचू. गंमत बघा, इतक्या चर्चेत ते कुणी केलेलं दिसत नाही.

तुमच्या ओवीत समुद्र नाहीच. नदी आहे, सासर आहे, माहेर आहे, डोंगर आहे. समुद्र काकांनी आणला. त्यांनी तो वाईट ठिकाणाहून आणलेला नाही. मुंडकोपनिषदात दृष्टांत आहे : वाहत्या नद्या जशा आपलं नाव आणि रूप टाकून समुद्रात मावळतात, तसा जाणता माणूस नामरूपातून सुटून परमपुरुषाला मिळतो. दृष्टांत सुंदरच आहे. पण तिथल्या नदीचं तोंड कुठे आहे ते पाहा. ती पुढे बघते. मागचं गळून पडतं आणि ते गळून पडणं हीच तिथे मिळकत आहे. तुमच्या आजीच्या ओवीत पहिल्या ओळीत नदी पुढे धावते खरी, पण दुसरी अख्खी ओळ मागे वळून पाहण्यात गेली आहे. "मागं गं ऱ्हायलं" या शब्दांना आवाज जड होतो. तुम्ही म्हणून बघा, होतोच. उपनिषदातल्या नदीला विसरायचंय. आजी मात्र नदीला आठवण करून देते आहे : अगं, तुझं माहेर तिकडे राहिलं. एकाच नदीची दोन अगदी उलटी चित्रं आहेत ही, आणि काकांनी एकावर दुसरं बसवलं.

आणि माहेर म्हणजे माया? इथे मी काकांशी भांडेन. पहाटेच्या अंधारात, हातात खुंटा धरून, माहेर ही फसवणूक आहे असं गाणारी मराठी बाई मला दाखवा. माहेर टाकून द्यायची शिकवण तिला सासरी रोज फुकट मिळत होती. तीच परत जात्यावर बसून गायची तिला काय गरज?

काकांची बाजूही मांडायला हवी, नाहीतर तुम्ही माझं कात्रण घेऊन पुढच्या सत्संगात जाल. रूपक लावून गाणं वाचणं आपल्याकडे नवं नाही, बाहेरचंही नाही. जात्याचंच घ्या. जनाबाईच्या नावावर असलेल्या ओवीत 'जीव शिव दोनी खुंटे' असं सरळ म्हटलं आहे. एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो तो काम-क्रोधाचा, आणि तेही नाथ तिथल्या तिथे सांगून मोकळे होतात, ऐकणाऱ्याला कोडं घालत नाहीत. म्हणजे ज्यांना रूपक करायचं होतं त्यांनी ते उघड, शब्दांत केलं. तुमच्या आजीनं केलेलं नाही. तिची नदी मुठा आहे. तिच्या ओवीवर रूपक चढवायचं असेल तर ते चढवणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर चढवावं, 'आजीला असं म्हणायचं होतं' असं म्हणून नव्हे.

आता आईनं आठवून दिलेली ओवी. ती पाठवलीत हे फार छान झालं, कारण तिच्यामुळे सगळंच बदलतं. ओव्या सुट्या नसतात, माळेनं येतात; एकीच्या शेपटाला दुसरी. सत्संगानं ऐकली ती मधलीच एक. आधीची पाहा. पाऊस पडतोय, ओढे भरलेत, आणि मुराळी भाऊ ओढ्याच्या पलीकडे उभा आहे. मुराळी हा शब्द आता पुण्यात ऐकू येत नाही, म्हणून तुमच्या मुलांसाठी सांगते : सासरी असलेल्या बहिणीला सणाला माहेरी न्यायला येणारा. पंचमीला, गौरीला तो यायचा, आणि त्याची वाट बघणं हा बायकांच्या गाण्यातला एक मोठा विषय आहे. सण बघा कोणते. श्रावण-भाद्रपदातले. आणि टेमघरच्या डोंगरात तेव्हा काय पाऊस असतो हे खडकवासल्याचा साठा रोज पेपरात वाचणाऱ्या पुणेकराला वेगळं सांगायला नको. शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पडतो. घाटमाथ्याला त्याच्या कितीतरी पट. ओढ्यांवर पूल नसायचे. भाऊ घरून निघाला, ओढ्यापर्यंत पोचला आणि तिथेच अडला. समोर दिसतोय, हाक ऐकू येत असेल, पण पाणी उतरेपर्यंत अलीकडे येता येत नाही. उतरलं नाही तर तो माघारी जाणार आणि हिचा सण सासरी होणार.

एवढं सगळं दोन ओळींत आहे, आणि यातलं काहीही कशाचं प्रतीक नाही. ओढा म्हणजे ओढा. पाणी म्हणजे छातीएवढं पाणी.

आणि त्यानंतरच्या ओवीत ती त्याच पाण्याशी बोलते. तुम्ही पत्रात एक गोष्ट सहज लिहून गेलात, माहेर वर डोंगरात, सासर खाली नदीकाठी. ती पुन्हा वाचा. मुठा टेमघरच्या डोंगरातून निघते आणि खाली येते. म्हणजे आजी घागर घेऊन ज्या पाण्यापाशी बसायची, ते तिच्या आईच्या दारावरून आलेलं होतं. भावाला जे पाणी अडवतं, तेच तिच्यापर्यंत पोचतं. माहेरचं दुसरं काहीही येत नाही, ना माणूस, ना निरोप. नदी तेवढी रोज येते. आणि ती थांबत नाही! "किती धावशी सासरी" यात कौतुक आहे की तक्रार, ते ठरवता येत नाही. दोन्ही असावं. अगं बाई, आलीस तर घडीभर टेक, तिकडचं काही सांग. माझ्यासारखीच तुझीही गत, तुलाही पुढे जायचंय. मला ही ओवी वाचताना अडकायला होतं ते इथे. आजी नदीकडे पाहून रडत असेलही, आई म्हणते तसं. पण गाताना ती नदीलाच समजावते आहे. जिला स्वतःला समजावणारं कुणी नव्हतं, ती समजावणारी झाली आहे.

ताई, तुम्हाला ओवी गुणगुणताना जे व्हायचं ते याचंच होतं असं मला वाटतं. त्याला अध्यात्म म्हणावं का? मी बेधडक म्हणेन. आपलं दुःख एवढं रुंद व्हावं की त्यात नदीही मावावी, नदीला 'बाई' म्हणून हाक मारता यावी, यासाठी दुसरीकडे लोकांना बराच खटाटोप करावा लागतो. वृक्षवल्लींना 'सोयरी' म्हणणारे तुकोबा आपल्याच जिल्ह्यातले, देहूचे. अरणच्या सावता माळ्यांनी 'कांदा मुळा भाजी, अवघी विठाबाई माझी' म्हटलं. त्यांचे कांदे-मुळे खरे आहेत, त्यांना माती लागलेली आहे. विठाबाई दिसावी म्हणून त्यांना भाजी बाजूला सारावी लागली नाही. आजीची नदी त्यांच्याच शेजारी वाहते.

काकांना एक विचारा, मायेनं विचारा, त्यांना कोंडीत पकडायला नको. वारकरी परंपरेत माहेर कुठलं? नाथांचा अभंग त्यांना पाठ असणार : 'माझे माहेर पंढरी, आहे भिवरेच्या तीरी.' विठ्ठल-रखुमाई तिथे आईबाप आहेत आणि चंद्रभागा बहीण. म्हणजे नाथांनी माहेर माया म्हणून टाकून दिलं नाही, देवाच्या घरालाच माहेर म्हटलं. देवाची ओढ कशी असते हे सांगायला त्यांना सासुरवाशिणीच्या ओढीपेक्षा खरं काही सापडलं नाही. आणि बायकांचं गाणं आपल्याकडे संतांच्याही आधीचं आहे. चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, असं नोंदलेलं आहे. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणून मला असं दिसतं की अध्यात्म वरून खाली जात्यापर्यंत पाझरलं, ही आपली समजूत अर्धीच आहे. माहेरची हुरहुर खालून वर गेली आणि अभंगात जाऊन बसली.

यातून आणखी एक निघतं. भक्ताला विरून जायची घाई नसते. कीर्तनाच्या शेवटी आपण 'हेचि दान देगा देवा' म्हणतो, त्यात तुकोबा मुक्ती नको म्हणतात; संतसंग मिळणार असेल तर पुन्हा गर्भवास सोसायची त्यांची तयारी आहे. समुद्रात मिसळून जाणं हे एक मोठं स्वप्न आहे, मान्य. मागे राहिलेल्या माणसांची आठवण जपत वाहत राहणं हेही कमी नाही, आणि तुमच्या आजीची ओवी या दुसऱ्या घरातली आहे. तेव्हा काकांचं चुकलं ते अध्यात्म शोधण्यात नाही. ते वेदान्ताच्या पत्त्यावर गेले, ओवी भक्तीच्या पत्त्यावर राहते.

एक गंमत सांगते, पण ती ओवीत घुसडणार नाही असं वचन द्या. आजीच्या दारावरून गेलेली मुठा पुण्यात संगमावर मुळेला मिळते. मुळा-मुठा पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत जाते. भीमा पंढरपुराशी चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा. तिथून पुढे कृष्णा, आणि मग कुठे काकांचा समुद्र. नकाशा समोर ठेवला तर या नदीला समुद्राआधी पंढरी लागते! हे ओवीचं म्हणणं नाही, भूगोलाचं आहे. पण ओवी म्हणताना तुम्हाला ते माहीत असायला कुणाची हरकत नाही.

भूगोलाचाच विषय निघाला तर एक कडू गोष्टही बोलते. तुमच्या कर्वेनगरपासून विठ्ठलवाडीचं देऊळ नदीच्या पलीकडे, जवळच. आषाढीला तिथे जत्रा भरते, रांगा लागतात. देवळामागे जाऊन मुठेचा वास एकदा घ्या. डोंगरातून आलेली ती सासुरवाशीण आपल्या शहरात शिरली की आपण तिचं काय करतो, ते नाकाला कळतं. एरवी आम्हा पुणेकरांना नदी आठवते ती खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल बुडाला की, फोटो काढायला. नदी म्हणजे जीव, असं निरूपण ऐकून भारावलेला हॉल आपल्या सोसायटीचं सांडपाणी कुठे जातं हे विचारत नाही, तेव्हा मला त्या भारावण्याविषयी जरा शंका येते. असो, हा माझा राग, तुमच्यावर नाही.

मग ओवी मुकी का झाली? तुम्ही लिहिता, म्हणायला गेले की काका आठवतात. आठवणारच. काकांनी नदी बरोबर जीव, सासर बरोबर ब्रह्म असा हिशेब पुरा केला. गणित सुटलं की मूल वही मिटतं, तसं झालं. कुठलाही अर्थ घेण्याआधी मी एवढंच बघते : तो कळल्यावर गाणं पुन्हा म्हणावंसं वाटतं का, की आता गाण्याची गरजच उरली नाही? उरली नसेल तर तो अर्थ कितीही उंच असू दे, मला नको. आईच्या अर्थानंही तुमची ओवी थांबली, पण त्याचं कारण वेगळं आहे. तिथे हिशेब पुरा झाला नाही, उलट उघडला. आजी रडायची हे तुम्हाला माहीत नव्हतं. ते ऐकून गळा धरला आणि तुम्ही त्यालाच 'काहीच होत नाही' म्हणताय. मला तरी ते काहीच न होणं वाटत नाही. आजीला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. थोडा वेळ जाऊ द्या.

आणि एक अगदी साधी गोष्ट. ओवी ही ऐकवायची चीजच नाही. ती खुर्चीत बसून, चार लोक माना डोलावतायत अशा ठिकाणी म्हटली की अवघडते. ती कामाची आहे. जात्याचा एक फेरा म्हणजे ओळीचा एक तुकडा. "गं" आणि "बाई" हे शब्द अर्थासाठी कमी, फेऱ्यात सूर भरायला जास्त. मध्ये एक हात खुंट्यावरून निघतो, पाटीतलं मूठभर धान्य जात्याच्या तोंडात वैरतो, तेवढ्यात सूर लांबतो. दोघी समोरासमोर बसलेल्या असतील तर एकीनं उचललेली ओळ दुसरी पुरी करते. गावोगाव पिठाची गिरणी आली आणि बायकांच्या खांद्यांची सुटका झाली, ते फार बरं झालं. त्या दळणाच्या आठवणीनं गहिवरणाऱ्यांनी पायलीभर ज्वारी दळून बघावी. पण गिरणीबरोबर ओवीची बसायची जागा गेली, हेही खरं.

आईच्या घरी जातं आहे का? बहुतेक असेल, अंगणात नाहीतर माळ्यावर, कुंडीखाली उपडं घातलेलं. ते धुऊन घ्या, टाकी लावून, म्हणजे छिन्नीनं दगड खरखरीत करून घ्यावा लागेल. सारवलेली जमीन आता कुठून आणणार, फरशीवर जुनी चादर अंथरा आणि किलोभर हरभऱ्याची डाळ भरडायला दोघी समोरासमोर बसा. अर्थ विचारू नका. फक्त "आजी या ओवीनंतर काय म्हणायची?" एवढंच विचारा. हात फिरायला लागला की पुढची ओळ तोंडात येते, हे दळलेली कुठलीही बाई सांगेल. नुसतं बसवून विचारलं तर आई म्हणेल, मला कुठे आता आठवतंय. फोन शेजारी रेकॉर्डिंगला ठेवा, पण तिच्या तोंडासमोर धरू नका. जात्याची घरघर आवाजात आली तर येऊ दे.

तुमच्या आजीसारख्यांच्या ओव्या जमवण्याचं फार मोठं काम याच पुण्यातून झालं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात मुळशी, मावळ, वेल्हे या आपल्या डोंगरपट्ट्यातल्या बायकांच्या पुष्कळ आहेत. २०१७ पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या टप्प्याटप्प्यानं येत आहेत, कित्येक प्रत्यक्ष आवाजात. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव सोबत दिलेलं असतं, हे मला त्या कामातलं सगळ्यात आवडतं. एखाद्या रात्री बँकेचा शीण बाजूला ठेवून ऐका. पाऊस, नदी, तुळस, भाऊ, पंढरी हे सगळे एकाच दमात, एकाच नात्यात तिथे भेटतील. मग आजी एकटी वाटणार नाही. आणि हा देवाचा विषय की घरचा, हा प्रश्न त्या बायकांना कधी पडलाच नव्हता, हेही कानाला कळेल.

वर्षश्राद्धाचं आता ठरवून टाकू. ओव्या जरूर छापा, दोन्ही, आणि आईनं सांगितलेल्या क्रमानं : पाऊस आधी, नदी नंतर. खाली काकांचा अर्थ नको. माझाही नको; मी वर एवढं लांबण लावलं ते तुमच्यासाठी, श्राद्धाला आलेल्या पाहुण्यांसाठी नाही. अर्थाच्या जागी आजीचं नाव घाला, माहेरचं गाव, सासरचं गाव. ओवी तिच्या माहेरची की सासरी आल्यावर शिकलेली, ते आईला माहीत असेल तर तेही. मुराळी म्हणजे काय ते एका ओळीत द्या, म्हणजे नातवंडं अडणार नाहीत. काकांना आग्रहानं बोलवा. ते बोलायला उठले तर बोलू द्या, फक्त त्यांच्या आधी आईला दोन्ही ओव्या म्हणायला लावा. तिचा आवाज चिरकेल, मध्ये थांबेल, कदाचित पुरी होणारही नाही. होऊ दे. त्यानंतर काकांना समुद्र आणणं जरा जड जाईल, आणि आणलाच तर ऐकून घ्या. माणूस वाईट नाही, त्यांनी तुमच्या आजीची ओवी हॉलभर लोकांना मन लावून ऐकायला लावली.

राहता राहिला भाऊ. 'वढं'चं ओढे, 'हुबा'चं उभा आणि 'ऱ्हायलं'चं राहिले करून तो जे छापेल ते तुमच्या आजीनं कधी म्हटलेलं नसेल, शिवाय फेऱ्यातही बसणार नाही. त्याला हवं तर पत्रिकेवरचा बाकीचा मजकूर शुद्ध करायला द्या, तिथे वाव असतो. पण प्रेसवाला ओव्यांमधल्या चुका आपणहून सुधारून ठेवतो, तेव्हा ओव्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून द्या, वर 'जसंच्या तसं' असं लिहा, आणि प्रूफ बघायला स्वतः जा.